निशाण टिकते, बोल्ट तुटतो : पोलादी लक्ष्य टांगण्याचा इतिहास

७ एप्रिल १८६३. अमेरिकी यादवी युद्धाला दोन वर्षे पूर्ण होत आली होती. उत्तरेच्या आरमाराची ९ चिलखती जहाजे रिअर अ‍ॅडमिरल ड्यू पाँट यांच्या आधिपत्याखाली चार्ल्स्टन बंदराच्या तोंडाशी शिरली आणि फोर्ट सम्टरसह चहूकडच्या तोफांच्या माऱ्यात सापडली. त्यांपैकी ‘नाहान्ट’ नावाच्या मॉनिटर जातीच्या जहाजाला त्या दुपारी ३६ गोळे लागले.

‘नाहान्ट’ची सुकाणू-खोली फिरत्या बुरुजाच्या माथ्यावर होती. तिची भिंत एक-एक इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे थर एकावर एक रचून, आरपार बोल्टांनी आवळून केलेली. गोळे बाहेरून आदळत होते आणि भिंत त्यांना अडवीत होती. चिलखताने आपले काम चोख केले. तरीही सुकाणू धरून उभा असलेला एडवर्ड कॉब कोसळला. त्याच्या डोक्यात शत्रूचा गोळा गेला नव्हता. त्याच्याच जहाजाच्या भिंतीतला बोल्ट हादऱ्याने तुटला आणि त्याचा तुकडा आतल्या बाजूने सुटून त्याच्या कवटीत घुसला होता. कॉब त्यातून वाचला नाही. शेजारी उभा असलेला वाटाड्या जखमी झाला, कप्तान जॉन डाउन्स यांच्या पायालाही मार बसला.

चिलखतापेक्षा चिलखत धरून ठेवणारी वस्तू आधी हार मानते, ही गोष्ट युद्धात अशी कळली. मात्र चांदमारीच्या मैदानावर ती काहीशी आधीच दिसू लागली होती. तोफांच्या चाचणीसाठी उभारलेल्या लोखंडी लक्ष्यांवर हाच अनुभव वारंवार येत होता : पत्रा शाबूत आणि बोल्टांचे तुकडे मैदानभर. आज रायफलीच्या सरावासाठी पोलादी निशाण टांगणाऱ्या माणसाला जो प्रश्न छळतो, तो मुळात आरमारी अभियंत्यांचा प्रश्न होता. म्हणून निशाणाच्या गोष्टीत नेमबाजांपेक्षा खिळे, कड्या आणि साखळ्यांनाच अधिक मान द्यावा लागतो.

टांगलेले पहिले निशाण

लक्ष्य टांगून त्यावर गोळी झाडण्याची कल्पना नेमबाजांच्या आधी एका गणितज्ञाने कामाला लावली. त्याचे नाव बेंजामिन रॉबिन्स. १७४२ साली त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या काळी गोळीचा वेग मोजण्याचे खात्रीचे साधन कोणाकडेही नव्हते. रॉबिन्सने तिकाटण्यावर लोखंडी दांड्याचा एक जड लंबक टांगला, त्याच्या खालच्या रुंद भागावर जाड लाकडी फळी ठोकली आणि तिच्यात बंदुकीची गोळी मारली. फळीत गोळी रुतली की लंबक मागे झुलतो. किती झुलला, ते त्याला बांधलेल्या फितीवरून मोजायचे. गोळीचे वजन, लंबकाचे वजन आणि झोका एवढ्यावरून गोळीचा वेग काढता येतो. तो सेकंदाला हजार फुटांहून अधिक निघाला. गणिताच्या दृष्टीने हा चमत्कार होता. निशाणाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, रॉबिन्सने लक्ष्याला अडवून धरले नाही. त्याला हलू दिले आणि त्या हलण्यातूनच ज्ञान काढले.

(जाता जाता : हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला. कंपनीच्या किल्ल्यांची डागडुजी करणे हे त्याचे काम होते. १७५१ साली कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिड येथे त्याचा मृत्यू झाला.)

रॉबिन्सनंतर वुलिचच्या लष्करी अकादमीतील प्राध्यापक चार्ल्स हटन याने १७७५ पासून हेच प्रयोग तोफांच्या गोळ्यांसाठी, कितीतरी मोठ्या लंबकांवर केले. लंबक जड झाला, मारा जबर झाला, आणि एक नवे दुखणे पुढे आले. गोळा लंबकाच्या योग्य जागी बसला तर लंबक सुरळीत झुलतो. तो फार वर किंवा फार खाली बसला तर लंबक ज्या आसावर टांगला आहे, त्या आसालाच हिसका बसतो.

क्रिकेट खेळलेल्या कोणालाही हे वेगळे सांगावे लागणार नाही. चेंडू बॅटच्या एका ठरावीक पट्ट्यात बसला तर हाताला काही जाणवत नाही. टोकाला किंवा मुठीजवळ बसला तर हात झिणझिणतात. भौतिकशास्त्रात त्या जागेला आघातकेंद्र म्हणतात. वरच्या कडेवर बिजागरीने टांगलेल्या, सर्वत्र सारख्या जाडीच्या आयताकृती पत्र्यात ही जागा वरून दोन-तृतीयांश खाली असते. तिथे बसलेल्या गोळीचा धक्का बिजागरीपर्यंत पोहोचतच नाही. पत्रा आपला आपण झुलतो. वरच्या कडेजवळ बसलेली गोळी मात्र जवळजवळ सगळा हिसका बिजागरीवर काढते. पत्रा तोच, गोळी तीच, अंतर काही इंचांचे. पण एका ठिकाणी आस वर्षानुवर्षे टिकतो आणि दुसऱ्या ठिकाणी महिन्याभरात सैल होतो.

शूबरीनेसचे मैदान

यानंतरची शतकभराची मजल एका परिच्छेदात उरकण्यास हरकत नाही. लाकडी युद्धनौकांच्या काळात लोखंडी लक्ष्याला फारसे महत्त्व नव्हते. ते आले नोव्हेंबर १८५९ मध्ये, फ्रान्सने ‘ग्लॉयर’ हे चिलखती जहाज पाण्यात उतरवले तेव्हा. त्याला उत्तर म्हणून ब्रिटनने ‘वॉरियर’ बांधायला घेतले. जानेवारी १८६१ मध्ये लंडनच्या सरकारने लोखंडी पत्र्यांचा अभ्यास करण्यासाठी एक विशेष समिती नेमली. आरमारी कप्तान जॉन डॅलरिंपल हे तिचे अध्यक्ष. सदस्यांत पूल आणि कारखाने बांधणारे विल्यम फेअरबर्न, धातुशास्त्रज्ञ जॉन पर्सी आणि अभियंते विल्यम पोल ही मंडळी होती. या पोल यांचे नाव मुंबईकरांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. १८४० च्या दशकात मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत स्थापत्य अभियांत्रिकीचे पहिले प्राध्यापक म्हणून येऊन, एतद्देशीय विद्यार्थ्यांसाठी त्या विषयाचा अभ्यासक्रम उभा करणारे ते हेच.

समितीचे प्रयोग थेम्स नदीच्या मुखाशी, एसेक्सच्या किनाऱ्यावरील शूबरीनेस येथे चालत. तिथे जहाजाच्या कुशीचा एक तुकडा जसाच्या तसा जमिनीवर बांधायचा आणि त्यावर तोफा डागायच्या, अशी पद्धत होती. या तुकड्याला ‘टार्गेट’, म्हणजे लक्ष्यच, म्हणत. ऑक्टोबर १८६१ मध्ये ‘वॉरियर’चे लक्ष्य उभे राहिले. दर्शनी बाजूस साडेचार इंच जाडीचा घडीव लोखंडाचा पत्रा, त्यामागे १८ इंच सागवान आणि त्याहीमागे जहाजाचे पाच-अष्टमांश इंची लोखंडी कवच. पत्र्यातून, सागवानातून आणि कवचातून आरपार जाणारे बोल्ट हा सगळा थर आवळून धरीत. २०० यार्डांवरून ६८ पौंडी तोफा आणि आर्मस्ट्राँगच्या नव्या ११० पौंडी तोफा त्यावर चालल्या. एकही गोळा आरपार गेला नाही.

या यशात सागवानाचा वाटा फार मोठा होता, आणि इथे हिंदुस्थानी वाचकाने क्षणभर थांबायला हवे. इंग्रजांना जहाजबांधणीतले सागवानाचे मोल शिकवले ते प्रामुख्याने मुंबईच्या गोदीने. वाडिया घराण्याने तिथे मलबारी सागवानातून ब्रिटिश आरमारासाठी जहाजे बांधली. १८१७ साली मुंबईत पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडमधील हार्टलपूल बंदरात तरंगते आहे. योगायोग असा की, ‘वॉरियर’ची डागडुजीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्याच हार्टलपूलमध्ये झाली.

चिलखतामागे सागवान कशासाठी? गोळा अडवण्याची खरी ताकद लोखंडाची. लाकूड मुख्यतः गादीचे काम करते. आघाताचा तीव्र, क्षणिक हिसका ते थोडे दबून, थोड्या अधिक वेळात आणि अधिक क्षेत्रावर पसरवते. ही गादी नसली तर काय होते, तेही शूबरीनेसला दिसले. फेअरबर्न यांच्या योजनेनुसार लाकडाविना, पत्रा थेट लोखंडी कवचावर बसवलेले एक लक्ष्य तपासण्यात आले. लोखंडाच्या पाठीवर लोखंड म्हणजे कागदावर अधिक भक्कम रचना. मारा झाल्यावर पत्रा धरणारे बोल्टच तुटले. भक्कमपणा हाच तिचा दोष ठरला. धक्का जिरवायला जागाच नव्हती, तेव्हा तो सगळ्यात बारीक ठिकाणी जाऊन फुटला.

‘वॉरियर’च्या लक्ष्याने आणखी एक धडा दिला. तिचे पत्रे सुताराच्या कामासारखे जीभ-खाचेच्या सांध्याने एकमेकांत गुंतवलेले होते. हेतू चांगला होता : एका पत्र्याला शेजारच्याचा आधार मिळावा. प्रत्यक्षात एका पत्र्यावरचा आघात सांध्यातून शेजारच्या पत्र्यात शिरे आणि त्यालाही तडे देई. शिवाय असे पत्रे घडवणे खर्चिक, आणि एक खराब झाला तर शेजाऱ्यांना धक्का न लावता तो काढणे कठीण. पुढच्या जहाजांत हा सांधा सोडून देण्यात आला. पत्रे शेजारी-शेजारी, पण सुटे राहू लागले.

फ्रेंचांनी प्रश्न वेगळ्या मार्गाने टाळला होता. ‘ग्लॉयर’ची कूस मुळातच लाकडाची, त्यामुळे त्यांनी पत्रे लांब मळसूत्री स्क्रूंनी लाकडात पिळून बसवले. आरपार बोल्ट नाही, आतल्या बाजूला नट नाही, म्हणून उडून खलाश्याला लागण्यासारखेही काही नाही. लोखंडी कुशीची जहाजे बांधणाऱ्या इंग्रजांना ही सोय नव्हती.

पॅलिसरचा बोल्ट

आता या कथेतील सर्वांत सुंदर शोधाकडे वळता येईल. तो लावला विल्यम पॅलिसर याने. जन्म १८३० चा, डब्लिनचा. रायफल ब्रिगेडमधून सैन्यात शिरलेला आणि पुढे हुसार घोडदळात गेलेला हा अधिकारी तोफगोळ्यांच्या इतिहासात प्रसिद्ध आहे तो ‘पॅलिसर गोळ्या’मुळे. त्या गोळ्याचे टोक लोखंडी साच्यात ओतून झपाट्याने थंड करीत, म्हणून ते अतिशय कठीण होई आणि चिलखत भेदू शके. चिलखत फोडणाऱ्या या माणसानेच, त्याच १८६० च्या दशकात, चिलखत धरून ठेवणाऱ्या बोल्टाचेही दुखणे ओळखले, हा विरोधाभास इतिहासकारांनी पुरेसा चघळलेला नाही.

साधा बोल्ट डोळ्यांसमोर आणावा. एका टोकाला डोके, मधे गुळगुळीत दांडा, दुसऱ्या टोकाला आटे आणि आट्यांवर नट. आटे कापताना लोखंड खोदले जाते. त्यामुळे आट्यांच्या तळाशी बोल्टाची जाडी दांड्यापेक्षा कमी असते. आता गोळा पत्र्यावर आदळतो, पत्रा हिसका घेतो, आणि बोल्ट ओढला जातो. ओढलेला बोल्ट कुठे ताणला जाईल? जिथे तो सर्वांत बारीक आहे तिथे. म्हणजे आट्यांच्या सुरुवातीच्या एक-दोन वळणांत. जाड दांडा मख्ख उभा राहतो, आणि सगळा ताण त्या चिंचोळ्या भागाला एकट्याने सोसावा लागतो. तो भाग पाहता पाहता तुटतो.

सामान्य बुद्धी सांगते : बोल्ट तुटतो ना, मग तो अधिक जाड करा. पॅलिसरने उलट केले. त्याने दांडाच तासून बारीक केला. इतका की, त्याची जाडी आट्यांच्या तळाच्या जाडीएवढी व्हावी. आता बोल्टात एकच एक कमकुवत जागा उरली नाही. अख्खा दांडा सारखाच ‘कमकुवत’ झाला. हिसका बसला की ताण पूर्ण लांबीभर वाटला जातो.

हिशेब ढोबळ मानाने करून पाहावा. समजा, घडीव लोखंड तुटण्याआधी आपल्या लांबीच्या एक-पंचमांश एवढे ताणले जाऊ शकते. साध्या बोल्टात खरोखर ताणला जाणारा भाग केवळ २ सेंटिमीटर असेल, तर बोल्ट ४ मिलिमीटर ताणून तुटेल. पॅलिसरच्या बोल्टात २५ सेंटिमीटरचा अख्खा दांडा ताणात सहभागी झाला, तर तो तुटण्याआधी ५ सेंटिमीटर लांबेल. दोन्ही बोल्टांचे ओढबळ सारखेच. पण धक्क्याची ऊर्जा जिरते ती बल गुणिले अंतर या हिशेबाने, आणि अंतर इथे बारापट झाले. लोखंड काढून टाकल्याने बोल्ट धक्क्याच्या बाबतीत कैकपटींनी मजबूत झाला.

स्थिर ओझे पेलणे आणि आघात सोसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पॅलिसरच्या बोल्टाने अभियंत्यांच्या हाती ठेवले. छताला झुंबर टांगायचे असेल तर जाड कडी उत्तम. निशाण टांगायचे असेल तर कडीला किती वजन पेलते, एवढेच विचारून भागत नाही. ती तुटण्याआधी किती वाकते, किती ताणते, हेही विचारावे लागते. बोल्टाच्या नटाखाली लवचीक वॉशर घालण्याची युक्ती याच काळात रुळली, आणि तिचे तर्कशास्त्रही हेच. आजच्या मोटारींच्या इंजिनांत, जिथे बोल्टाला मिनिटाला हजारो हिसके सोसावे लागतात, तिथे मधोमध बारीक केलेल्या दांड्याचे बोल्ट सर्रास सापडतात.

चिलखताचे पत्रे पुढे पोलादी आणि अधिकाधिक कठीण झाले, तेव्हा त्यांत आरपार भोके पाडणेच धोक्याचे ठरू लागले. भोक म्हणजे तड्याला आमंत्रण. म्हणून बोल्ट पाठीमागून पत्र्यात काही अंतरापर्यंतच पिळून बसवण्याची रीत आली. दर्शनी चेहरा अखंड, सारी बांधणी पाठीला. हे तत्त्वही आजच्या निशाणांपर्यंत पोहोचले आहे.

विंबल्डनची घंटा

तोफांच्या लक्ष्यांकडून रायफलींच्या निशाणांकडे येऊ. २ जुलै १८६० रोजी लंडनजवळच्या विंबल्डन माळावर ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेचा पहिला मेळा भरला. राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली. झाडली म्हणजे काय, व्हिटवर्थ रायफल एका यांत्रिक घोडीत आधीच ४०० यार्डांवर नेमून पक्की आवळून ठेवलेली होती. राणीने रेशमी दोरी ओढली. गोळी निशाणाच्या मध्यबिंदूपासून इंच-दीड इंचावर बसली.

ते निशाण लोखंडी होते. त्या काळच्या स्वयंसेवक पलटणींच्या मैदानांवर पांढऱ्या रंगाने रंगवलेले लोखंडी पत्रे उभे असत. त्यांचा मोठा फायदा आवाजाचा. मऊ शिशाची गोळी पत्र्यावर आदळली की टणत्कार ऐकू येई आणि शिशाचा काळा डाग पांढऱ्या रंगावर उमटे. जवळच्या लोखंडी आडोशात दडलेला खुणकरी झेंडा दाखवून गुण कळवी, आणि मारा थांबला की पुढे येऊन डाग रंगवून टाकी. हिंदुस्थानात अशा सरावाला आणि मैदानालाही ‘चांदमारी’ हा शब्द रूढ झाला. निशाणावरचा गोल तो चांद. कित्येक छावणी-शहरांत मैदाने केव्हाच बुजली, वस्त्या उभ्या राहिल्या, तरी भागाचे नाव चांदमारीच राहिले.

शिसे लोखंडावर चेपून पत्र्याच्या पातळीतच चहूबाजूंना उडते. या उडालेल्या शिंतोड्यांमुळे निशाणाच्या बाजूला उभे राहणे समोर उभे राहण्याइतकेच वाईट. शिवाय लोखंडी पत्रे जड, हलवायला अवघड. काही वर्षांत मोठ्या मैदानांवर कॅनव्हासचे, वर-खाली सरकणारे निशाण आले आणि खुणकरी खंदकात गेला. लोखंडी निशाणाचा पहिला अंक असा काहीसा निमूटपणे संपला. त्याला परत आणले ते दोन गोष्टींनी : कठीण पोलादाने आणि मेक्सिकोतल्या एका जत्रेतल्या खेळाने.

न टांगलेला मेंढा

मेक्सिकोच्या ग्रामीण भागात जत्रेच्या वेळी दूरवर बांधलेल्या जिवंत कोंबड्या, मेंढे यांच्यावर नेम धरण्याच्या पैजा लागत. विसाव्या शतकाच्या मध्यास तिथल्या नेमबाजांनी जनावरांच्या जागी पोलादाच्या आकृती उभ्या केल्या. आंतरराष्ट्रीय रूप घेतलेल्या या खेळात कोंबडी २०० मीटरवर, रानडुक्कर ३०० मीटरवर, टर्की ३८५ मीटरवर आणि मेंढा ५०० मीटरवर असतो. १९७० च्या दशकात हा खेळ अमेरिकेत चांगलाच फोफावला.

यातील मेख अशी की, आकृती टांगलेलीच नसते. ती आपल्या पायांवर एका लोखंडी पट्टीवर नुसती ठेवलेली असते. गोळी लागली म्हणून गुण मिळत नाही. आकृती उलथून पडली पाहिजे. म्हणजे शूबरीनेसला ज्या बोल्टाने एवढा छळ मांडला, तो इथे अस्तित्वातच नाही. जे बांधलेले नाही ते तुटणार कसे? किंमत मात्र दुसऱ्या खिशातून जाते. प्रत्येक फेरीनंतर कोणीतरी पाचशे मीटर चालत जाऊन मेंढा पुन्हा उभा करावा लागतो. एकट्याने सराव करणाऱ्याला हे परवडत नाही. त्याला आपोआप जागेवर येणारे निशाण हवे, आणि आपोआप जागेवर येण्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे टांगणे. रॉबिन्सचा लंबक असा मागील दाराने परत आला.

कठीण पोलादाची बाजू थोडक्यात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ साली मँगेनीजयुक्त पोलाद शोधले. ते मार खाऊन अधिकच कठीण होते. १९०० साली स्वीडनच्या ब्रिनेलने कठीणपणा मोजण्याची पद्धत जगापुढे ठेवली. आज निशाणांसाठी वापरले जाणारे ‘ए.आर. ५००’ पोलाद मुळात खाणींतल्या डंपरांसाठी आणि खोदयंत्रांच्या बादल्यांसाठी केलेले, घासून न झिजणारे पोलाद आहे. त्यातील ५०० हा आकडा ब्रिनेलच्या मापाचा. साध्या मऊ पोलादात रायफलीची गोळी खड्डा पाडते, आणि पुढची गोळी त्या खड्ड्यात पडली तर तिचे तुकडे वळून थेट नेमबाजाकडे येतात. कठीण, सपाट पृष्ठावर तिचा चुरा बाजूंना पसरतो. म्हणून खड्डे पडलेला किंवा वाकलेला पत्रा जुन्या आठवणीखातर टांगून ठेवू नये.

हा कठीणपणा पोलादाला पाणी देऊन आणलेला असतो, आणि आगीने तो जातो. पत्र्याला कडी वेल्ड केली की वेल्डभोवतीचा पट्टा मऊ पडतो, आणि नेमके तिथेच खड्डे पडू लागतात. ज्योतीने कापलेल्या भोकाच्या कडांचीही हीच गत. तेव्हा बोल्टाला पर्याय नाही. गुळगुळीत गोल डोक्याचा बोल्ट दर्शनी बाजूने घालायचा, म्हणजे त्यावर बसलेली गोळी सरकून जाते. नट आणि सारे आटे पाठीमागे, पत्र्याच्या सावलीत. पॅलिसरच्या काळातील ‘चेहरा स्वच्छ, बांधणी पाठीला’ ही रीत इथे ओळखीची वाटेल.

झोक्याचे गणित

७.६२ मिलिमीटरच्या रायफलीची साडेनऊ ग्रॅमची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ८३० मीटर वेगाने निघते. तिच्यात साधारण ३,३०० ज्यूल ऊर्जा असते. ती १० किलोच्या टांगलेल्या पत्र्यावर आदळली, तर पत्रा सेकंदाला सुमारे ०.८ मीटर वेगाने मागे सरकेल, म्हणजे माणसाच्या संथ चालीहूनही हळू. पत्र्याच्या वाट्याला येणारी गतिज ऊर्जा जेमतेम ३ ज्यूल, गोळीच्या ऊर्जेच्या सुमारे एक-हजारांश. बाकीची गोळीच्या चुऱ्यात आणि उष्णतेत विरते.

आता हे ३ ज्यूल कसे जिरतात, यावर सगळे अवलंबून आहे. पत्रा मोकळा झुलू दिला तर तो सुमारे ३ सेंटिमीटर वर उचलला जातो आणि परत येतो. कडीला हे जाणवतही नाही. पण तोच पत्रा कडक खांबाला आवळून टाकला आणि त्याला केवळ १ मिलिमीटरमध्ये थांबावे लागले, तर बोल्टांवर सरासरी ३,००० न्यूटनांहून अधिक, म्हणजे ३०० किलोंहून जास्त ओझ्याइतका जोर येतो. गोळी दर गोळीला. हजार गोळ्यांनंतर आट्यांच्या पहिल्या वळणात तडा दिसू लागला, तर त्यात आश्चर्य नाही.

टांगण्याच्या पद्धतीत म्हणूनच काही साध्या पण कसोशीच्या गोष्टी आल्या. एका कडीवर टांगलेला पत्रा कडेला गोळी बसताच भोवऱ्यासारखा फिरतो, साखळीला पीळ पडतो आणि पत्र्याची धार नेमबाजाकडे येते. दोन साखळ्या वरून पसरट नेऊन बांधल्या की हे फिरणे आवरते. कडी पत्र्याच्या पाठीमागे थोड्या अंतरावर घेतली तर गुरुत्वमध्य कडीखाली येऊ पाहतो, पत्र्याचा तळ मागे सरकतो आणि चेहरा आपोआप जमिनीकडे झुकतो. सुमारे २० अंशांचा हा झुकाव पुरेसा असतो. गोळीचा चुरा मातीत जातो. बोल्ट फार घट्ट आवळू नयेत, पत्र्याला बोल्टावर किंचित खुळखुळायला जागा ठेवावी, नटाखाली स्प्रिंग घालावी, हा आजचा प्रघात. नट सुटू नये म्हणून दोन नट एकमेकांवर घट्ट करतात, पण पत्र्यावर नाही.

उरतो साखळीचा प्रश्न. पत्रा वर्षे टिकतो, बोल्टही टिकतो. साखळीची कडी मात्र चुकलेल्या एका गोळीने तुटते. तुटलेल्या कडीचे तुकडे कुठे जातील, याचाही भरवसा नसतो. त्यामुळे काही मैदानांवर साखळीला रजाच देण्यात आली आहे. तिच्या जागी आगबंबाची जुनी नळी किंवा खाणीतून टाकून दिलेल्या कन्व्हेयर बेल्टची पट्टी लावतात. रबरातून गोळी आरपार निघून जाते, मागे राहिलेले भोक आक्रसून जवळजवळ मिटते, आणि पट्टी अनेक गोळ्या खाऊनही पत्र्याचा भार पेलत राहते. तोंडाशी चिरफळ्या दिसू लागल्या की ती कात्रीने कापून नवी बसवायची, एवढेच काम.